जुन्या शेडला करवतकाठी साज

टेबल लॅम्प चांगला चालतो, पण शेड बघवत नाही म्हणून माळ्यावर पडलेला, असा एखादा दिवा तुमच्याकडेही असेल. आमच्या गोंदियाच्या घरी होता. त्याची शेड माझ्याच हातून करपली. चाळीसचा बल्ब उडाला म्हणून शंभरचा लावला, आणि जेवणं आटोपेपर्यंत घरभर वास!

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत तो खाली आला. त्याच दिवशी सासूबाईंची करवतकाठी कोशाची साडीही पेटीतून निघाली, घडीघडीवर चिरलेली. जुना कोसा असा चिरू लागला की रफू टिकत नाही. तरी कात्री लावायला हात होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "काप बाई, पेटीत कोणाला दिसते ती?"

मात्र धड साडीला कात्री लावू नका हं, मैत्रिणींनो. नेसण्याजोगी असेल तर ती नेसायचीच.

कोसा शेडला शोभतो तो त्याच्या रंगामुळे. आपल्या जंगलात येन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर मंडळी कोशाच्या अळ्या पाळतात. तो धागा मुळातच मधासारखा असतो, त्यामुळे मागे दिवा लागला की कापड उजळून निघते. करवतीच्या दातांसारखा काठ तीन धोटे चालवून विणतात. मोहाडी-आंधळगावचे हे काम. ती गावे भंडारा जिल्ह्यातली खरी, पण १९९९ पर्यंत आपण सगळे एकाच जिल्ह्यात होतो, तेव्हा परकी कशी म्हणू!

आता कामाला लागू. आधी प्लग काढा, बल्ब काढा. जुने कापड उसवून तारेचा सांगाडा मोकळा करा. गंज पॉलिश पेपरने घासा, रंगाचा एक हात द्या आणि दोन दिवस वाळू द्या. मग वरच्या-खालच्या कड्यांना सुती फीत घट्ट गुंडाळा. ही पायरी टाळू नका. नुसत्या तारेवर टाका धरत नाही.

साडी उजेडासमोर धरली की चिरा लगेच दिसतात; त्या टाळून तुकडा निवडा. त्याला पांढऱ्या मलमलीचे अस्तर धावदोऱ्याने जोडा, म्हणजे जुन्या रेशमावर ताण येत नाही. शेड सरळ डब्यासारखी असेल तर घेराहून इंचभर जास्त कापड पुरते, काठ खाली ठेवायचा. वर निमुळती असेल तर मात्र फसगत होते, सरळ काठ गोलाईवर बसत नाही. तिथे घेराच्या दीडपट कापड घेऊन वरच्या कडीला सैलसर चुण्या घाला. शेवटी दोन्ही कड्यांच्या फितीला तुरपाई. खळीने चिकटवायचा मोह होतो, पण खळीमागून झुरळे आणि कसर आलीच.

आता बल्बचे. जुन्या तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जाते. म्हणून आमची शेड करपली. सात ते नऊ वॅटचा एलईडी साठच्या बल्बाएवढा उजेड देतो आणि तापतो फार कमी. पांढराफटक नको, खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा २७०० केल्विन लिहिलेला घ्या. नाहीतर कोशाचा सोनेरी रंग मेल्यासारखा दिसतो. तरीही कापड बल्बपासून दोन इंच दूर ठेवा आणि वरचे तोंड झाकू नका. शेड उन्हाच्या खिडकीशीही नको, उन्हाने रेशीम विरते. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी लावू नका.

आमच्या लॅम्पच्या बुडाशी मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'फक्त एलईडी'. मी माहेरी गेलेली असताना बल्ब उडाला, तर घरातली पुरुषमंडळी कपाटात हाताला येईल तो लावणार, हे मला पक्के ठाऊक आहे. सासूबाईंनी चिठ्ठी वाचली आणि दुपारी चारलाच दिवा लावायला सांगितला.