एका मुसल्ल्यापुरती जागा

विसाव्या रोज्याला जोहरची नमाज झाली की काही घरांत एकदम धावपळ सुरू होते. इफ्तारची नव्हे, ती तर रोजचीच. ही धावपळ एतिकाफची. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सगळे व्यवहार बाजूला ठेवून इबादतीत बसणं म्हणजे एतिकाफ. पुरुष मशिदीत बसतात. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्या मोहल्ल्याच्या वतीनं ते पुरतं. हनफी घरांत बायका घरीच एक जागा ठरवून बसतात. एकदा बसलं की संडास-बाथरूम आणि वजू सोडून ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथून उठायचं नाही. आणि विसाव्या रोज्याचा सूर्य मावळायच्या आत जागेवर असायला हवं.

जागा तशी फार लागत नाही. मुसल्ला साधारण चार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. शेजारी पाठ टेकायला एक सतरंजी. पण दोन खोल्यांच्या घरात एवढीसुद्धा काढायची कुठून?

तालुक्याच्या गावातल्या अशाच एका घराची ही दुपार. सासूबाई साठीच्या पुढच्या. मागच्या बकरीदनंतर त्यांचे पती वारले. इद्दतचे चार महिने दहा दिवसही कधीच सरले. त्यांनी त्या दिवशी सहरीला पाण्याचा शेवटचा घोट घेता घेता सांगितलं, "यंदा मी बसणार." सून शाळेत शिकवते, नशिबानं रविवार होता.

झोपायची खोली दहा बाय दहाची. त्यात पेटीचा पलंग, गोदरेजचं कपाट, कपाटावर लग्नात आलेला आणि खोक्यातून कधीच न निघालेला डिनर सेट. खिडकीशी बंद कूलर. पलंगाखाली लोखंडी ट्रंक, दोन बॅगा, कधीकाळी येणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या वळकट्या. आणि ती खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नाही. प्रत्येक घरात अशी एक खुर्ची असते. धुवायचे नाहीत आणि घडी करण्याइतके स्वच्छही नाहीत, असे कपडे तिच्यावर राहतात.

सुनेनं एक शहाणपणा केला. कपाट उघडलंच नाही. घाईच्या आवराआवरीत बहुतेक जण इथेच फसतात. कपाट उघडायचं, आतलं सगळं पलंगावर ओतायचं, मग लग्नाचा अल्बम हाती लागतो आणि असरची अजान होते. तिनं आधी पलंग मोकळा करून चादर ताणून घातली. खोलीतली सर्वांत मोठी सपाट जागा नीट दिसली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं, आणि पुढची निवडानिवड करायला टेबलही मिळतं. मग तीन जुन्या चादरी जमिनीवर अंथरल्या. एकीत दुसऱ्या खोलीतून इथं भरकटलेल्या वस्तू, दुसरीत धुण्याचं, तिसरीत देण्याचं. रद्दी आणि कचरा थेट पोत्यात. वस्तू एकदाच हातात घ्यायची आणि ठरवून टाकायचं. 'बघू नंतर' असं चौथं गाठोडं तिनं केलं नाही.

मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, कुठल्या मोबाइलचे ते आठवत नाही असे चार चार्जर, एका पायाचे मोजे, दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीच्या चिठ्ठ्या. हे सगळं अर्ध्या तासात गेलं.

गोधड्यांना वेळ लागला. मोजल्या तर रजया धरून अकरा निघाल्या, घरात माणसं पाच. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. तिचा आशय असा की एक अंथरूण पुरुषाचं, एक त्याच्या पत्नीचं, तिसरं पाहुण्याचं आणि चौथं सैतानाचं. सैतानाची एवढी सोय आपण केलीय हे त्या घराला त्या दिवशी कळलं. गोधड्या उन्हाला कंपाउंडच्या भिंतीवर पडल्या, तशा शेजारच्या काकू डोकावल्या. "अगं, रमजानात दसरा काढलास काय?" घटस्थापनेच्या आधी त्यांच्याही भिंतीवर हेच दृश्य असतं. जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यायची हौसही दोन्ही घरांत सारखीच. बोहारीण हल्ली फारशी फिरकत नाही, म्हणून दोन्ही घरांत साड्या साचल्यात, हेही सारखंच.

देण्याच्या चादरीत पहिल्यांदा पडले ते विटलेले, उसवलेले कपडे. सुनेनंच ते परत उचलले. सूरह बकरामध्ये बजावलंय की, जे स्वतःला कुणी दिलं तर डोळे मिटूनच घ्यावं लागेल, असं दुसऱ्याला देऊ नका. फाटकं फडक्यांत गेलं. मग तिनं स्वतःचे न शिवलेले तीन ड्रेसपीस काढले, ज्यांना 'लागतील कधीतरी' म्हणून पाच वर्षं झाली होती. हात जरा अडखळला. जकात सोनं, चांदी, रोकड आणि विक्रीच्या मालावर अडीच टक्के. घरच्या वापरातल्या कपड्यालत्त्यावर ती नसते. त्यामुळे या वस्तूंचा हिशोब मांडायची वेळच येत नाही आणि त्या वर्षानुवर्षं बिनबोभाट साचतात.

मग मुलगा दुकानातून आला. दारामागच्या खुंटीवर वडिलांची सदरी आणि दोन कुर्ते तसेच लटकत होते. बाकीचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत. ट्रंक निघाली तर जागा होत होती. तो म्हणाला, "अब्बांचे कपडे मदरशात देऊन येतो. सवाबही मिळेल, जागाही होईल." आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बेटा, ते तुझ्या एकट्याचे आहेत का?"

प्रश्न भावनेचा वाटतो, पण कायद्याचाही आहे. इस्लामी वारसा-नियमांत माणूस गेल्यावर त्याच्या मागं राहिलेली प्रत्येक वस्तू, अगदी चपलासुद्धा, तरका होते. त्यातून दफनाचा खर्च आणि कर्ज फिटलं, वसीयत असली तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत ती पुरी झाली, की उरलेल्यात सगळ्या वारसांचा हिस्सा. पत्नीचा आहे, मुलींचाही आहे. इतरांच्या संमतीशिवाय एकानं परस्पर दान केलं तर ते दुसऱ्याच्या मालाचं दान. आपल्याकडे शेताच्या तुकड्यासाठी कोर्टात जाणारे भाऊ बहिणीला बापाच्या घड्याळाबद्दल विचारत नाहीत, हा भाग वेगळा.

पुण्यातल्या बहिणीला फोन लागला. ती आधी रडली, मग म्हणाली, सदरी मला हवी. बाकीचं मी आल्याशिवाय उघडू नका.

जपानच्या मारी कोंडो यांनी घर आवरण्याचं शास्त्र जगभर नेलं. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, हा त्यांचा निकष. त्यांच्याच क्रमात आठवणींच्या वस्तू सगळ्यांत शेवटी येतात. तो क्रम या घरानं नकळत पाळला. निकष मात्र इथं चालला नसता. गेलेल्या माणसाचा कुर्ता हातात घेतल्यावर होतं त्याला आनंद म्हणत नाहीत. (तिसऱ्या मुलानंतर आपण घर टापटीप ठेवायचा हट्ट बराचसा सोडलाय, अशी कबुली कोंडोबाईंनी 2023 मध्ये दिली, तेव्हा अनेक बायकांना हायसं वाटलं असेल.)

बाईच्या डोक्यावर घरातल्या पसाऱ्याचं ओझं असतं, हे प्रयोगशाळेतही दिसलंय. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचं वर्णन ज्या बायका 'पसारा', 'अर्धवट कामं' अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. या सासूबाईंनी त्यातलं काही वाचलेलं नाही. "नमाजला उभं राहिलं की समोर कूलर दिसतो," एवढीच त्यांची तक्रार होती.

कूलर गच्चीवर गेला, डिनर सेट काकूंच्या भाचीच्या लग्नघरी. ट्रंक न उघडता बाहेरच्या खोलीत आली आणि तिच्यावर पाण्याचा माठ बसला. कुर्ते घडी होऊन तिच्या वरच्या थरात गेले, सदरी खुंटीवरच राहिली. असर होऊन गेली होती. किब्ल्याच्या दिशेची भिंत पहिल्यांदाच उघडी पडली. तिथला रंग बाकीच्या भिंतींपेक्षा गडद होता. सुनेनं एक जुनी ओढणी दोरीवर टाकून आडोसा केला. मगरिबला दहा मिनिटं असताना सासूबाई तस्बीह, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आत गेल्या. खजूर आणि पाण्याचा पेला आतच पोचवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर मुलांचे युनिफॉर्म होते. बहीण ईदच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे, ट्रंक तेव्हा उघडेल.