तेज गाडी, मध्यम खिसा: टायर निवडताना धरायचा हिशोब

पुण्यात नाना पेठ, भवानी पेठ किंवा कॅम्प भागात दुकान असलेल्या आपल्या अनेक बांधवांच्या घरी हल्ली एक गोष्ट घडते. मुलगा धंद्यात उतरतो, घरातली जुनी गाडी विकली जाते आणि तिच्या जागी सेकंडहँड का होईना, पण जरा तेज गाडी येते. ही गाडी नुसती मिरवण्यासाठी नसते. सकाळी दुकान, दुपारी बँक, संध्याकाळी वसुली, महिन्यातून एकदा मुंबई किंवा कोल्हापूरची फेरी आणि सुटीत बायकामुलांना, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन गाव. काम साध्या गाडीचे, इंजिन मात्र तेज गाडीचे.

पुढे टायर झिजतात आणि घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, या वेळी रुंद स्पोर्ट टायर टाकू या." अब्बा म्हणतात, "बेटा, रबर ते रबर. जो स्वस्त असेल तो टाक." टायरवाला आपल्याकडे असलेल्या मालाची तारीफ करतो, तो त्याचा धंदाच आहे. बापलेकांचे म्हणणे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. ते कसे, हे नीट समजून घेतले तर पैसाही वाचतो आणि जीवही.

चाकणची गाडी, चाकणचा टायर

उदाहरणासाठी पुण्याचीच गाडी घेऊ. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे पोलो ही छोटी गाडी बनू लागली. तिचे टर्बो पेट्रोल इंजिनाचे जीटी मॉडेल २०१३ साली आले आणि तरुणांमध्ये फार चालले. २०२२ साली पोलोचे उत्पादन थांबले. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला आजही गिऱ्हाईक आहे. चाकणलाच २०१३ साली ब्रिजस्टोन कंपनीचा टायर कारखानाही सुरू झाला. महाराष्ट्रात नाशिकला सिएटचा आणि शेजारी गोव्यात उसगावला एमआरएफचा कारखाना आहे. म्हणजे चांगल्या टायरसाठी आपल्याला परदेशी मालाच्या मागे धावण्याचे कारण नाही.

पोलोच्या पुष्कळ गाड्यांवर १८५/६० आर १५ या मापाचे टायर येत. हे आकडे काय सांगतात? १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. यापुढे आणखी एक आकडा व एक अक्षर असते. आकडा वजनाचा: ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. अक्षर वेगाचे: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

कोणी विचारील, पुण्याच्या रहदारीत २१०चा वेग कोण गाठणार? कोणीच नाही आणि गाठूही नये. परंतु हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचीही निशाणी आहे. त्यामुळे गाडीच्या कंपनीने जो वजनाचा आकडा व जे वेगाचे अक्षर दिले आहे, त्याच्या खाली कधीही उतरू नये. सीझनमध्ये मागची सीट पाडून कापडाचे गठ्ठे किंवा हार्डवेअरची खोकी भरणाऱ्यांनी तर वजनाचा आकडा जरूर पाहावा.

रुंदी आणि मोठी रिम

मुलाचा हट्ट बहुधा दोन गोष्टींचा असतो: रुंद टायर आणि मोठी अलॉय रिम. यात हिशोब असा आहे. १८५/६० आर १५ या टायरचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर १९५/५५ घेतल्यास व्यास सुमारे ५९५ होतो, म्हणजे एक टक्क्याहून थोडा कमी-जास्त फरक. १९५/६० घेतल्यास ६१५ होतो, म्हणजे दोन टक्के वाढ. फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, असा या धंद्यातला सर्वसाधारण नियम आहे. त्याबाहेर गेल्यास वेगाचा काटा चुकीचा दाखवतो आणि वळणावर टायर चाकाच्या आवरणाला घासण्याची भीती असते.

आता १७ इंची रिम व २०५/४५ टायरचे पाहा. एकूण व्यास ६१६, म्हणजे नियमात बसतो. पण बाजूची उंची १११वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी १९ मिलिमीटरने कमी झाली! पुण्यातले गतिरोधक, पावसाळ्यातले खड्डे आणि खोदलेले रस्ते ज्यांना रोजचे आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. टायरला बाजूने फुगा येतो, रिम वाकते, आणि असा टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. रिमवर घालायचे पैसे वाचवून ते चांगल्या टायरवर घाला, हा सल्ला म्हणूनच मुलाला द्यावा. कंपनीच्या मापात राहणे हेच मध्यम खिशाला सोयीचे. माप बदलायचेच असेल तर विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे.

मऊ रबर, कडक रबर

अब्बांचे "रबर ते रबर" हे म्हणणे मात्र खरे नाही. टायरचे रबर हे मिश्रण असते. मिश्रण मऊ असले की रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कडक असले की पुष्कळ चालते, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी देते. मिश्रणात सिलिका घातल्याने ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि टायर हलकाही फिरतो. असा टायर साहजिकच जरा महाग पडतो.

म्हणून दुकानात कंपनीचे नाव विचारण्यापेक्षा त्या कंपनीची कोणती पायरी आपण घेतो आहोत हे विचारावे. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या मालात तीन पायऱ्या असतात. अपोलोचा अमेझर हा मुख्यतः जास्त किलोमीटरसाठी, अल्नॅक हा मधला, अस्पायर हा वेगवान व महागड्या गाड्यांसाठी. सिएटचे मिलेझ, सिक्युराड्राइव्ह आणि स्पोर्टड्राइव्ह अशाच क्रमाने येतात. इतर कंपन्यांचेही असेच आहे. टॅक्सीला पहिली पायरी योग्य. तेज इंजिनाच्या रोजच्या गाडीला मधली पायरी बहुतेक वेळा पुरते. तिसरी पायरी हौसेची. खिसा मोठा असेल तर घ्यावी.

किमतीचा नव्हे, किलोमीटरचा हिशोब

आपण व्यापारी माणसे. हिशोब आपल्याला वेगळा शिकवायला नको. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, कडक रबराचा टायर ४,५०० रुपयांना मिळाला आणि ४५,००० किलोमीटर चालला. चार टायरचे १८,००० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ४० पैसे. मधला टायर ६,००० रुपयांना मिळाला आणि ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे ६० पैसे. मऊ स्पोर्ट टायर ७,५०० रुपयांना मिळाला आणि ३०,००० चालला, तर पूर्ण एक रुपया.

वर्षाला गाडी १२,००० किलोमीटर फिरत असेल तर कडक आणि मधल्या टायरमध्ये वर्षाचा फरक २,४०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला २०० रुपयांचा. तेवढ्यात पावसाळ्यातली पकड विकत मिळते. मधल्याहून स्पोर्ट टायरवर जाण्यास मात्र वर्षाला आणखी ४,८०० रुपये मोजावे लागतात, आणि रोज सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग थोडाच. आपल्या दुकानातले खरे दर घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

कराचाही विचार करावा. नव्या मोटार टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४,००० रुपयांचा टायर पूर्वी ५,१२० रुपयांना पडे, तो ४,७२० रुपयांना आला. चार टायरमागे १,६०० रुपये वाचतात. ही बचत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगवर खर्च केली तर टायरच जास्त टिकतील.

खरी परीक्षा पावसात

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर. प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेत रस्त्याला टेकलेला असतो. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरही चालून जातो आणि माणूस गाफील होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, रस्त्यावरचे तेल व धूळ वर येते आणि कात्रज किंवा खंडाळ्याच्या उतारावर पुढची गाडी एकाएकी थांबते. त्या क्षणी नक्षीतून पाणी बाहेर फेकले गेले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. मग इंजिन किती ताकदीचे आहे याला काही अर्थ राहत नाही.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. नक्षीच्या खाचेत त्या उंचीची छोटी उंचवटी असते. नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण तेज गाडी पावसात चालवणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्याची तयारी ठेवावी. केंद्र सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, फिरण्यातील अडथळा आणि आवाज या तिन्ही कसोट्या सक्तीच्या केल्या आहेत. नव्या बनावटीच्या टायरना त्या १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाल्या.

उन्हाळ्यात धोका उलटा असतो. हवा कमी, वजन जास्त आणि वेग मोठा अशी तिन्ही कारणे जुळली की टायर तापून फुटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर जाण्याआधी हवा थंड टायरवर तपासावी. हवेचा योग्य आकडा गाडीच्या दरवाजाजवळ किंवा पेट्रोलच्या झाकणात चिकटवलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी तेथे बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. स्टेपनीचीही हवा पाहावी.

माल पारखून घ्या

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. शक्यतो सहा महिन्यांच्या आतला माल मागावा. दुकानात पडून राहिलेला टायर काळे पॉलिश लावल्यावर नवा दिसतो, पण रबर आतून कडक होत जाते. पाच वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर दरवर्षी तपासून घ्यावा. आयएसआयची खूण पाहावी. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले. त्याआधीचा परदेशी माल कोणी "सस्त्यात देतो" म्हणाला, तर तो किती जुना झाला हे बोटांवर मोजून पाहावे. रिमोल्ड किंवा वापरलेला टायर तेज गाडीला लावूच नये. पक्के बिल घ्यावे. त्यावर टायरचा नंबर असावा. पुढे बनावटीतला दोष निघाला तर बिलाशिवाय दाद लागत नाही.

चारही टायर एकदम घेणे उत्तम. दोनच परवडत असतील तर नवे दोन मागच्या चाकांना लावावेत, पुढून ओढणाऱ्या गाडीलासुद्धा. मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही.

बसवणाऱ्या कारागिरासाठी

या धंद्यात आपले पुष्कळ कारागीर आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. चांगला टायर वाईट हातांनी बसवला तर वाया जातो. रिमची कड घासून साफ करणे, प्रत्येक वेळी नवा व्हॉल्व्ह टाकणे, बाणाची दिशा व बाहेरची बाजू पाहून टायर चढवणे, नट हाताच्या पान्याने शेवटचे आवळणे, ही कामे पाच मिनिटांची आहेत. पण गिऱ्हाईक परत येते ते त्यांच्यामुळे. तेज गाडीचे पंक्चर बाहेरून दोरी घालून सोडू नये. टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावावा. बाजूच्या भिंतीतले पंक्चर काढून देऊ नये, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी. मालातला ऐब सांगून विकावा हा आपल्या बाजाराचा जुना दंडक आहे. टायरच्या धंद्यात तो पाळला तर कोणाचे तरी घर वाचते.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावेत. त्यांच्यावरचा कारखान्यातला गुळगुळीतपणा जायला तेवढा वेळ लागतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी.

तेव्हा बापलेकांनी तडजोड अशी करावी: माप कंपनीचे, पायरी मधली, माल ताजा, बिल पक्के आणि हवा बरोबर. मोठ्या रिमचे पैसे राहू द्यावेत. मुलाला गाडी वळणावर घट्ट धरल्याचे समाधान मिळेल. आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री मुलगा मुंबईहून परत निघाला, तर अब्बांना थोडी शांत झोप लागेल.