उघडी चुंबळ

लहान मुलाला न्हाऊ घालणे हा लेखाचा विषय होऊ शकतो का, असे आमच्या वर्गमित्रांनी हसत विचारले. ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचे मूल आहे ते हसणार नाहीत.

माझी ताई दौंडला दिली आहे. सुटीत ती शिरूरला माहेरी आली, की दर रविवारी आमच्या न्हाणीत रणकंदन माजे. डोक्यावर पहिला तांब्या पडण्यापूर्वीच भाचीचा टाहो सुरू होई. न्हाणे टळत गेले, केसांत जटा झाल्या, उवा झाल्या. अखेर दाजींनी, "सरळ गोटा करून टाका," असे फर्मावले. पोरीने ते ऐकले, आणि दोन दिवस ती डोक्याला हात लावू देईना.

यात पोरीचा दोष नव्हता. डोळ्यांतले पाणी जवळजवळ उदासीन असते, तर साबणाचे पाणी क्षारयुक्त. म्हणून ते झोंबते. त्यातून आमच्याकडे बोअरचे पाणी जड. त्यातल्या चुन्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका केसांना धरतो, तो काढायला आणखी तांबे ओतावे लागतात आणि रडणे लांबते. शिकेकाईचा असा साका होत नाही. मात्र तिचे पाणी फडक्याने गाळून घ्यावे, नाहीतर भुकटीचे कण डोळ्यांत खुपतात. रिठा तर डोळ्यांपासून दूरच बरा.

तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना आजी एका तळहाताची आड त्याच्या कपाळावर धरते. मूल मोठे झाले की तो हात तांब्यात अडकतो. त्या हाताची जागा कोण घेणार, एवढाच प्रश्न होता.

पहिला प्रयोग पुठ्ठ्याच्या झापेचा केला. दुसऱ्याच तांब्याला ती लोळागोळा झाली. मग हंड्याखालची चुंबळ आठवली. ती डोक्यावर बसवली, तर आत पाण्याचे तळे साचले आणि कपाळावरून एकदम फुटले! त्या दिवशीचा आकांत शेजाऱ्यांनीही ऐकला. शेताला बांध घालायचा, पण पाण्याला वाट ठेवायची, हे शेतकऱ्याच्या घरात सुचू नये याची मला लाज वाटली.

म्हणून चुंबळ मागून उघडी केली, घोड्याच्या नालासारखी. जुन्या सुती लुगड्याची पट्टी पिळून अंगठ्याएवढा जाड, सुमारे 35 सेंटिमीटर लांबीचा पीळ करावा. नुसते कापड पाणी पिऊन ठिबकते, म्हणून धुतलेली दुधाची पिशवी उभी कापून त्यावर गुंडाळावी. कपाळाला टेकणाऱ्या बाजूस जुन्या बनियनची पट्टी शिवावी. ती घट्ट बसते आणि झिरपलेले टिपते. दोन्ही टोकांना नाडी लावून मानेमागे सैल गाठ मारावी, हनुवटीखाली कधीही नाही. केसांची कड सुरू होते तिथे चुंबळ टेकवून पाणी पुढून मागे ओतावे. काम झाले की ती उंच खुंटीवर टांगावी. प्लास्टिक मुलाच्या हाती राहू नये.

घाबरलेले मूल मान खाली घालते आणि पाणी तोंडावर घेते. त्यावर आईने आढ्याला बाटल्यांच्या रंगीत बुचांची माळ बांधली. बुचे मोजायची म्हटले की मान आपोआप वर होते. पोर अकरापर्यंत पोचते, मग तेराच म्हणते.

गोटा झाला नाही. उवांसाठी फणी महिनाभर चालली, ती रड वेगळी. परवा ताई दौंडला परतताना पोरीने चुंबळ स्वतःच पिशवीत भरली, आणि आजीला विचारले, की तुझे डोके धुताना तू काय बांधतेस?