किंमत उतरते ती गाडीची

नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली जर्मन एसयूव्ही नऊ-दहा वर्षांनी एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते. मीरा रोड, काशिमिरा, दहिसर या पट्ट्यात असे सौदे सतत होत असतात आणि घेणारा एकच हिशेब मांडतो: पन्नासची वस्तू पंधरात पडली. हा हिशेब अर्धाच आहे. किंमत उतरते ती गाडीची; तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट फुटला, सस्पेन्शनचा हवेचा फुगा गळायला लागला किंवा गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं, की बिल पन्नास लाखांच्या गाडीचंच येतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात काही गोष्टी स्वस्तात मिळतात, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत खोललेल्या गाडीचा माल घेणं मला कधीच पटलेलं नाही. तेव्हा गाडी घ्यायची ती आधीच्या मालकाने नीट सांभाळलेली, हे पहिलं. आणि घेतल्यावर आपणही तशीच सांभाळायची, घरच्या घरी जेवढं जमतं तेवढं हाताने करून आणि जे जमत नाही त्याला हात न लावून.

गाडी बघायला मी काशिमिऱ्याच्या आमच्या मिस्त्रींना बरोबर नेलं. त्यांनी विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत चावी फिरवू नका. बॉनेट उघडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी इंजिनवर पंजा टेकवला. गार होतं. गरम इंजिन पुष्कळ काही लपवतं. टायमिंग चेन सैल झालेली असेल तर ती थंड स्टार्टच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडते, मग ऑइलचा दाब आला की गप्प होते. काही जर्मन डिझेल इंजिनांत ही चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला असते. ती बदलायची तर इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या तीन सेकंदांवर लाखांचा खर्च टांगलेला असतो, म्हणून तेवढा वेळ मिस्त्री कोणाशी बोलत नाहीत.

मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बेल्ट ओढत गेले, ओढत गेले, शेवटच्या वितीपर्यंत. बाहेर राहणारा बेल्ट सगळे धुतात. रिळात गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. गाडीत पाणी शिरलं असेल तर तिथे मातीची एक रेघ राहते. त्यानंतर सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेट उचलून त्याखालचा फोम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या चकचकीत होऊन विकल्या गेल्याचे किस्से अजून गॅरेजांतून ऐकू येतात. तेवढा नसला तरी आमच्याकडे पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भरतंच. बुडालेली गाडी चालते, काही महिने छान चालते. मग कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि एकेक लाइट पेटायला लागते.

रंग मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते प्रत्येक पत्र्यावर टेकवायचं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्याच दारावर आकडा तिप्पट-चौपट आला तर आत पुट्टी आहे, गाडी ठोकलेली आहे. दार ठोकलेलं चालेल. छताचा खांब किंवा पुढची चासी ठोकलेली मी घेणार नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र स्कॅनरने सांगितली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नव्हता. विकणारा खूश. मिस्त्री मात्र पुढच्या पानावर गेले: फॉल्ट पुसल्यापासून गाडी किती चालली, हा आकडाही इंजिनच्या मेंदूत असतो. तो दोन अंकी निघाला. म्हणजे आमच्या येण्याच्या थोडंच आधी कोणीतरी सगळं पुसून ठेवलं होतं. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, गाडी खराब आहे असं मी म्हणत नाही. पण काय पुसलं ते हा सांगणार नाही." ती आम्ही सोडली. पुढे जी घेतली तिचे आकडे जुळले. मीटरवरचे किलोमीटर आणि इतर युनिटांत नोंदलेले किलोमीटर एक, सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार, चारही टायर एका वर्षाचे. टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रंगापेक्षा त्या चार अंकांवर माझा जास्त विश्वास बसतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक नेमके तिथेच ढिले पडतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवून घ्यायचा. अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तुमच्याकडे येत नाही. आणि परिवहन खात्याच्या साइटवर थकलेली चलानं बघून घ्या.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह आवरावा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडचा माल स्वस्तात इकडे येऊ लागला. पण तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरलं की स्वस्ताई विरघळते. इथलीच घ्यायची तर ठाण्याच्या एमएच ०४ क्रमांकाची बघा. एमएच ५८ हा मीरा-भाईंदरचा स्वतंत्र क्रमांक २०२५ चा, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीवर तो दिसायचा नाही.

आता घरचं काम. आमच्याकडे बहुतेक सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत, खाली भरावाची जमीन. माझी गाडी पावणेदोन टनांच्या वर आहे. एका कोपऱ्याचं वजन जॅकच्या तळव्याएवढ्या जागेवर आलं की ब्लॉक एका बाजूने दबतो आणि जॅक तिरका होतो. म्हणून खाली पाऊण इंची प्लायवूडचा दीड-दोन फुटी तुकडा. क्रम ठरलेला आहे आणि घाई असली तरी तो मोडायचा नाही. सपाट जागा. गिअर पी मध्ये, हँडब्रेक लावलेला. जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे. एअर सस्पेन्शन असेल तर गाडीला आधी जॅक मोडमध्ये टाकायचं, नाहीतर ती उंची सावरायला स्वतःच हलते. चाकाचे बोल्ट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. हवेतल्या चाकावर जोर दिला तर गाडी डोलते. जॅक फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत, मध्ये रबर. उचलल्या उचलल्या खाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावायची आणि गाडीचं वजन घोडीवर सोडायचं. जॅकचं काम उचलणं, धरून ठेवणं घोडीचं. काढलेलं चाक आडवं करून पत्र्याच्या कडेखाली सरकवतो. घोडी घसरली तरी गाडी त्या चाकावर येईल, माणसावर नाही. इतकं झाल्यावर बंपरला हात लावून एक जोराचा धक्का देतो. पडायची असेल तर मी बाहेर असताना पडू दे. परत बसवताना बोल्ट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याला. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यावर मात्र यातलं काहीही करू नये, आणि अशी गाडी घेण्याआधी त्या पाळण्याची वजनमर्यादा वाचून यावी.

एवढी तयारी करून मी काय करतो? ब्रेक पॅड किती उरलेत ते बघतो, चाकामागची प्लास्टिकची अस्तरं काढून साचलेली माती धुतो, बुशिंगचं रबर फाटलं का ते पाहतो. भाईंदरच्या खाडीवरून, मिठागरांवरून येणारी हवा खारी. उत्तनला जाऊन आलं की गाडीचं पोट साध्या पाण्याने धुवायचं, हा घरातला नियम झाला आहे. बाकीची कामं जमिनीवरच होतात. एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, थंड इंजिनावर कूलंटची पातळी. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मे महिन्यात सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळ्या करतो. हवेच्या दाबाने फुंकलं तर आतली नळी सुटते आणि पाणी थेट कार्पेटखालच्या वायरिंगवर जातं. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ स्टेशन ते घर अशा फेऱ्यांनी चोंदतो, त्यासाठी महिन्यातून एखादा रविवार अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत एका वेगात जाऊन येतो.

कशाला हात लावत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये १,८०० ते २,००० बार दाब असतो. गळती बोटाने चाचपली तर धार कातडीत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. पिवळ्या कनेक्टरचे एअरबॅगचे सर्किट, हायब्रिडच्या नारिंगी केबली, एसीचा गॅस, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा ही कामं त्या त्या माणसाची. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय बदलायचे नाहीत, आत बोट असताना मोटर फिरली तर ती थांबत नाही. बॅटरीसुद्धा अनेक जर्मन गाड्यांत डिकीत असते आणि बदलल्यावर संगणकात नोंदवावी लागते. न नोंदवता बसवलेली नवी बॅटरी लवकर मरते. बंदिस्त पोडियम पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही, तो धूर जीवघेणा आहे. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बहुधा धरत नाहीत, म्हणून इंजिन प्रोटेक्शन घेऊन ठेवलेलं बरं.

इंजिन ऑइल मला घरी बदलता येतं, तरी मी ते आवारात बदलत नाही. सात-आठ लिटर काळं ऑइल ठेवायचं कुठे? सोसायटीचं गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला, आणि खाडीत तिवरं आहेत, मासेमारी आहे. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक रिसायकलरकडेच जायला हवं. म्हणून हे काम मिस्त्रींकडे. मी शेजारी उभा राहतो, डब्यावर मॅन्युअलमधलाच स्पेसिफिकेशन नंबर आहे ना ते वाचतो, सील समोर तोडायला लावतो, ड्रेन बोल्टला नवा वॉशर लागला का बघतो आणि पावतीवर किलोमीटर लिहून घेतो. ही गाडी मी विकेन तेव्हा घेणारा याच पावत्या मागणार आहे.