विश्लेषण : बहुमत असले की राज्यघटना हवी तशी बदलता येते का? ‘मूलभूत चौकटी’चे जर्मन कनेक्शन काय?

जगण्याचा अधिकार देणारा अनुच्छेद २१ घटनादुरुस्तीने रद्द करता येईल का? फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील व्याख्यानात जर्मन अभ्यासक डीट्रिश कॉनराड यांनी हा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांनी दिले.

प्रश्न का पडला?
अनुच्छेद ३६८ नुसार घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. काही तरतुदींना किमान निम्म्या राज्यांची संमतीही लागते. मात्र काय बदलता येणार नाही, हे त्यात लिहिलेले नाही.

जर्मनीत काय घडले होते?
१९३३ मध्ये विरोधकांवरील दहशतीच्या वातावरणात जर्मन संसदेनेच दोनतृतीयांश बहुमताने हिटलर सरकारला कायदे करण्याचे अधिकार दिले. हा धडा घेऊन १९४९ च्या जर्मन राज्यघटनेत मानवी प्रतिष्ठा, लोकशाही अशी तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली.

भारतात काय झाले?
केरळमधील मठाधिपती केशवानंद भारती यांच्या खटल्यात १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांची बाजू मुंबईचे नानी पालखीवाला यांनी मांडली, तर केरळ सरकारची मुंबईचेच एच. एम. सीरवाई यांनी. २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल आला : संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. न्या. एच. आर. खन्ना यांनी निकालपत्रात कॉनराड यांचा दाखला दिला.

त्याचा उपयोग झाला का?
होय. आणीबाणीत ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीबाहेर ठेवली गेली. ती तरतूद १९७५ मध्येच याच आधारावर रद्द झाली.

मग वाद कशाचा?
चौकटीत नेमके काय येते, याची अंतिम यादी नाही. ते प्रत्येक खटल्यात न्यायालय ठरवते. २०१५ मध्ये न्यायाधीश नियुक्ती आयोग याच आधारे रद्द झाला, तेव्हा निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी संसदेला किती रोखावे, असा सवाल झाला. सिद्धांताचे समर्थक १९७५ कडे बोट दाखवतात, तर टीकाकार २०१५ कडे.