समुद्राकडे जाताना बारीक होणारी नदी

तंजावरहून तिरुवैयारु जेमतेम तेरा किलोमीटर. पण एवढ्या वाटेत बस पाच नद्या ओलांडते: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, जिच्या काठावर संगीतकार त्यागराजांची समाधी आहे. पाचही पुलांखाली पाणी एकाच नदीचं. गावाच्या उत्तरेला थोडं पुढे गेलं की सहावी लागते, कोळ्ळिडम. तीही कावेरीचाच फाटा. आपल्याला कऱ्हाडला कृष्णेला कोयना भेटते ते ठाऊक; नदी म्हणजे वाटेत भेटेल ते पाणी पोटात घेत मोठी होत जाणारी बाई. इथे सगळा मामला उलटा. श्रीरंगमजवळ पैलतीर लांब दिसावा एवढी रुंद असलेली कावेरी पूम्पुहारला समुद्राला मिळते, तेव्हा तिला ओढा म्हणावं इतकीच उरलेली असते.

मधे गेलं कुठे पाणी? जमिनीत, भातात आणि छत्तीस वाटांनी. आणि तसं ते जाऊ शकतं याचं कारण जमिनीच्या उतारात आहे. डोंगरात नदी सगळ्यात खोल जागी असते, म्हणून आजूबाजूचं पाणी तिच्याकडे धावतं. त्रिभुज प्रदेशात नदी सगळ्यात उंच जागी असते. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मोडतो. जड वाळू काठालाच पडते, बारीक चिखल लांब जाऊन बसतो. असे हजारो पूर येऊन गेले की नदी स्वतःच घातलेल्या बांधावरून वाहू लागते आणि शेतं तिच्या खाली राहतात. मग पाट काढायला मोट नको, पंप नको. काठाला एक तोंड पाडलं की झालं. तिरुवैयारुच्या आसपास हा फरक पिकांतही दिसतो. नदीलगतच्या हलक्या, वाळूमिश्रित गाळाच्या पट्ट्याला तिथे पडुगै म्हणतात. त्यावर केळी, विड्याची पानं. तिथून खाली उतरलं की पाय रुतवणारी काळपट चिकणमाती, आणि तिच्यात भात.

हे पाणी मुळात सह्याद्रीचं. कोडगूतल्या तलकावेरीला, आपल्याच नैर्ऋत्य मोसमी पावसात, नदी भरते. पुढे म्हैसूर-मंड्याचा भाग पर्जन्यछायेत, आपल्या माण-खटावच्या जातीचा. आणि तंजावरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, ईशान्येकडून येणारा. म्हणजे जून-जुलैत तंजावरच्या आभाळाकडे पाहून कुणी भाताचं पीक धरणार नाही. तरी तिथे कुरुवै नावाचं पीक उभं राहतं, ते शेकडो किलोमीटर पश्चिमेला पडलेल्या पावसावर. मराठे तंजावरला 1670च्या दशकात पोचले. सह्याद्रीचं पाणी त्यांच्या कितीतरी आधीपासून ही वाट चालत होतं.

पण नदीचा भरवसा काय? कोळ्ळिडमचा तळ खोल आणि उतार जास्त, त्यामुळे पाण्याचा ओढा कायम तिकडे. ते तिकडे गेलं की तंजावर कोरडं. चोळ राजा करिकालाच्या नावावर असलेला कल्लणै हा सुमारे 329 मीटर लांबीचा दगडी बंधारा याच ओढीला घातलेला लगाम. गंमत अशी की त्याच्याखाली खडक नाही, निव्वळ वाळू आहे. मोठे धोंडे टाकायचे. पाणी खालची वाळू उकरतं तसे ते खचत जातात. वर आणखी टाकायचे. खचणं थांबलं की पाया तयार. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने ही युक्ती इथे पाहिली आणि पुढे धवळेश्वरमचा बंधारा बांधला. तो कोणत्या नदीवर? त्र्यंबकेश्वरला उगवणाऱ्या आपल्या गोदावरीवर, 1852 साली.

त्याच कॉटनने 1836 साली मुक्कोम्बुला कोळ्ळिडमच्या तोंडावर बंधारा घातला, आणि झालं भलतंच. पाणी कावेरीत इतकं वळलं की आता तिचाच तळ आणि काठ खणले जाऊ लागले. काही वर्षांतच कावेरीच्या तोंडाशीही आडवी भिंत घालावी लागली. एका फाट्याला हात लावला की दुसरा हलतो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं.

1934 साली मेट्टूर धरण झालं आणि मग संबंध खोऱ्याचाच ताल बदलला. धरणाची क्षमता 93.47 टीएमसी, दरवाजे उघडण्याची ठरलेली तारीख 12 जून. धरणाच्या बरोबरीने निघालेल्या कालव्याने जुन्या त्रिभुज प्रदेशाबाहेरच्या पट्टुक्कोट्टैकडच्या माळावर भात नेलं. हा कालवा बृहदीश्वराच्या देवळाजवळून जातो आणि लोक त्याला ‘पुदु आरु’, नवी नदी म्हणतात. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका नदीच्या पुराची पूजा करतात. कोरड्या वर्षी तो पूर मेट्टूरहून सोडावा लागतो!

धरणातून पाणी सुटतं, गाळ मात्र मागे राहतो. खाली कोळ्ळिडमच्या पात्रातून वाळू उपसली गेली, तळ आणखी खोल गेला. नदीत गोडं पाणी कमी असलं की समुद्राचं खारं पाणी तिच्या मुखातून कित्येक किलोमीटर आत शिरतं आणि विहिरी मचूळ होतात. दक्षिण टोकाला मुत्तुपेट्टैची खारफुटी पाहावी. वेण्णारुच्या फाट्यांचं उरलंसुरलं पाणी तिथल्या खाजणात पोचतं, तेही मुख्यतः ईशान्य मोसमी पावसाळ्यात. तिथे जवळजवळ सगळीकडे एकच झाड आहे: तिवर, आपल्या ठाणे खाडीतलं. खारफुटीतल्या इतर अनेक जातींना थोडंतरी गोडं पाणी लागतं. तिवर फार खारटही सोसते, म्हणून टिकली आहे.

पाण्याच्या वाटणीवर 1892 पासून करार आणि खटले चालू आहेत. या वाटणीसाठी नेमलेल्या लवादाने 2007 साली खोऱ्याचं पाणी 740 टीएमसी धरून वाटे पाडले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने काही वाटे बदलले. त्या हिशेबात पर्यावरणासाठी 10 टीएमसी आहेत आणि अटळपणे समुद्रात जाणारे 4. ज्या गाळाने तंजावरची जमीन घडवली, त्याचा वाटा मात्र त्यात कुणाच्याच नावावर नाही.