शिक्षकांची शाळा

पदवी घेतलेल्या मनुष्यास सातव्या इयत्तेचें गणित शिकविण्यासाठीं पुन्हा निराळें शिक्षण कशास हवें, असें पुष्कळ पालक विचारतात. आपण एक लहानसा प्रश्न घेऊं.

पावणेदोनास अर्ध्यानें भागिलें तर उत्तर साडेतीन. आतां ह्या भागाकाराचें एखादें व्यवहारी उदाहरण रचा. लिपिंग मा ह्या विदुषींनीं हाच प्रश्न अमेरिकेंतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांस विचारला. त्यांचें पुस्तक १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. चिनी शिक्षकांपैकीं सर्वांचें उत्तर बरोबर आलें व ६५ जणांनीं योग्य उदाहरणें रचलीं. अमेरिकनांपैकीं अवघ्या नऊ जणांना पूर्ण उत्तर आलें. उदाहरण तर एकासच कसेंबसें साधलें. कित्येकांनीं पावणेदोन वस्तू दोघांत सारख्या वाटल्या, म्हणजे अर्ध्याऐवजीं दोहोंनीं भागिलें! पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापानें मोजल्यास मापें किती भरतील, असें विचारलें कीं साडेतीन डोळ्यांपुढें उभे राहतात. उत्तर काढणें वेगळें, त्याचा अर्थ मुलास दाखवितां येणें वेगळें. हें ओळखूनच आपल्या देशांत १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथें विषय व अध्यापन हीं एकत्र शिकविणारीं महाविद्यालयें निघालीं.

विज्ञानाची गोष्ट आणखी बिकट. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनीं १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. जे प्रयोग मुलांनीं चौघाचौघांच्या टोळ्यांनीं करावयाचे, ते आधीं शिक्षकांनीं स्वतः करावयाचे, अशी तेथील रीत होती. परीक्षेंत मुलांस पुस्तक उघडण्याची मुभा असे. मग घोकून घेणाऱ्या शिक्षकाचें तेथें काय चालणार? हा उपक्रम २००२ सालीं सरकारनें बंद केला, ह्याची आम्हांस हळहळ वाटते.

ह्याच उपक्रमांत १९७८ सालीं अरविंद गुप्ता ह्या अभियंत्यांनीं आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी ह्यांनीं आकृति जोडण्याची युक्ति काढिली. असा चौकोन दाबला तर कलतो. त्रिकोण मात्र जागचा ढळत नाहीं. चौकोनांत तिरपी काडी बसविली कीं तोही ताठ होतो, कारण त्याचे आतां दोन त्रिकोण झाले. छपराची कैची व रेल्वेच्या पुलाचे तिरपे दांडे ह्यांचें मर्म ज्या भावी शिक्षकास स्वतःच्या बोटांनीं कळलें, त्यास फळ्यावर फारसें लिहावें लागत नाहीं. आमच्या बालवाचकांनीं हें घरीं अवश्य करून पाहावें. मात्र काड्यांच्या टोकांची दारू वडील माणसाकडून आधीं खरवडून घ्यावी.